जुनी गाडी घेताना : ताका उलगडा, मगच बयाना द्या

कापड बाजारात नवे गिऱ्हाईक ताक्याची वरची घडी पाहते, हात फिरवते आणि सौदा करते. जाणते गिऱ्हाईक ताका उजेडात नेते, शेवटच्या मीटरपर्यंत उलगडते, पन्हा मोजते, डाग आणि तुटलेले धागे पाहते आणि मग भावाची गोष्ट काढते. परंतु हाच जाणता व्यापारी सेकंड हँड मोटार घ्यायला जातो तेव्हा त्याला काय होते कोण जाणे! पॉलिश केलेला रंग आणि नवी सीट कव्हरे पाहून तो तिथल्या तिथे बयाना देऊन येतो. दोन मीटर कापडात जी सावधगिरी, ती दोन लाखांच्या गाडीत राहत नाही.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर या आपल्या कापडाच्या गावांत आज अनेक छोटे व्यापारी आणि कारागीर जुन्या गाडीचा विचार करीत आहेत. कोणी आठवडी बाजार करतो, कोणाचा रेडिमेडचा छोटा कारखाना आहे, कोणाला आईवडिलांना दवाखान्यात न्यावे लागते. नवी गाडी परवडत नाही आणि मोटारसायकलवर गठ्ठे बांधून फिरण्याचे वय निघून गेलेले असते. अशा बंधूंसाठी हा लेख आहे. यंत्राची माहिती मिस्त्रीला आमच्यापेक्षा जास्त. आम्ही लिहीत आहोत ते व्यापाऱ्याच्या नजरेने. आमचे सांगणे थोडक्यात असे की, गाडी दारात आली त्या दिवशी धंद्याचे खेळते भांडवल जसेच्या तसे शिल्लक असले पाहिजे. ते नसेल तर स्वस्तात मिळालेली गाडीही महागच पडते.

आधी फेऱ्या मोजा

गाडी बघायला जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. महिन्यातून आपण किती वेळा बाहेरगावी जातो? समजा, जाऊन-येऊन १०० किलोमीटरची एक फेरी आहे आणि भाड्याची गाडी त्याचे १,२०० रुपये घेते. स्वतःची गाडी लिटरला १५ किलोमीटर चालली आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर त्याच फेरीला ७०० रुपयांचे पेट्रोल लागेल. म्हणजे फेरीमागे ५०० रुपये वाचले.

आता दुसरी बाजू. गाडी उभी असली तरी खर्च चालूच असतो. देखभालीचे महिन्याला १,५०० रुपये, विम्याचे ७०० रुपये आणि गाडीची किंमत वर्षाला ३०,००० रुपयांनी उतरते असे धरल्यास महिन्याचे २,५०० रुपये. एकूण झाले ४,७००. फेरीमागे ५०० रुपये वाचत असतील तर हा खर्च भरून निघायला महिन्यात १० फेऱ्या व्हायला हव्यात. ज्याच्या चार-पाच फेऱ्या होतात त्याने भाड्याचीच गाडी वापरावी, त्यातच त्याचा नफा आहे. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, रीत हीच. घरच्या सोयीसाठी गाडी घेत असाल तर तसे खुशाल घ्या, परंतु मग तो खर्च घरखर्चाच्या खात्यात लिहा. दुकानाच्या नावावर घरचा शौक चालवला की वर्षअखेरीस हिशेब जुळत नाही.

पांढरी पाटी की पिवळी पाटी?

ही बाब आपल्या व्यापारी बंधूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारीचा विमा उतरवताना पॉलिसीवर वापराची मर्यादा छापलेली असते. भाड्याने देणे त्यात बसत नाही. नमुने आणि प्रवाशाचे स्वतःचे सामान सोडून इतर माल वाहून नेणेही त्यात बसत नाही. मागची सीट पाडून साड्यांचे गठ्ठे भरले आणि वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी याच अटीवर बोट ठेवून नुकसानभरपाई नाकारू शकते. गाडी गेली, माल गेला आणि विमाही गेला, अशी वेळ येते.

म्हणून ज्याचे मुख्य काम माल नेणे आहे त्याने मालवाहू म्हणून नोंद असलेली छोटी गाडीच पाहावी. २००५ साली बाजारात आलेली टाटा एस, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो, ती याच कामासाठी आहे. मारुती इकोचाही मालवाहू प्रकार मिळतो. अशा गाडीला पिवळी पाटी असते आणि फिटनेसचे पासिंग करावे लागते. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. ही कटकट आहे खरी, परंतु विमा शाबूत राहतो. ज्याला माणसांची ने-आण करायची आहे आणि सोबत नमुन्यांची एखादी पिशवी असते, त्याला पांढऱ्या पाटीची गाडी पुरे.

अडीच लाखांची वाटणी

हातात अडीच लाख असतील तर अडीच लाखांची गाडी बघायची नाही. हा नियम मनाशी पक्का करावा. आमची वाटणी अशी : गाडीला १,८५,०००, विमा, नावांतर आणि एजंटचा खर्च २०,०००, पहिल्या महिन्यातील दुरुस्तीला ३०,०००, आणि राखीव १५,०००.

पहिल्या दुरुस्तीची रक्कम ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. परंतु विकणारा माणूस विकायच्या आधी सहा महिने गाडीवर खर्च करणे बंद करतो, हा जगाचा रिवाज आहे. टायर झिजलेले, बॅटरी थकलेली, ब्रेकचे लायनर संपत आलेले आणि ऑइल काळे झालेले, हे सर्व नव्या मालकाच्या वाट्याला येते. ते महिन्याभरात करून घेतले तर गाडी दोन-तीन वर्षे निमूट चालते. पैसा नाही म्हणून पुढे ढकलले तर पाचशेच्या बेल्टपायी इंजिन खोलण्याची पाळी येते.

कोणती गाडी घ्यावी?

जी गाडी आपल्या गावातला कोणताही मिस्त्री डोळे झाकून खोलू शकतो आणि जिचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, ती गाडी घ्यावी. अल्टो २००० सालापासून रस्त्यावर आहे, वॅगन-आर १९९९ पासून, इको २०१० पासून. यांचे भाग सर्वत्र मिळतात. मोठी, विलायती नावाची आणि दहा वर्षे जुनी झाल्यामुळे अल्टोच्या भावात मिळणारी गाडी दिसली तर दुरूनच सलाम करावा. किंमत जुनी झालेली असते, सुट्या भागांचा भाव नवाच असतो.

मारुती ८०० वर आपल्या लोकांचा जीव आहे. परंतु तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे आज मिळणारी सर्वांत ताजी ८०० सुद्धा बारा वर्षांच्या आसपासची आहे. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओला दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तर ती का स्वस्त आहे हे आरसी बुकाच्या तारखेवरूनच कळते.

डिझेलचा मोह सांभाळून करावा. रोजचे पन्नास-साठ किलोमीटरपेक्षा कमी चालणाऱ्याला डिझेल परवडत नाही, कारण पंप आणि इंजेक्टरचे एकच काम वर्षभराची बचत खाऊन टाकते. एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस.-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात हळूहळू चालवली तर तो तुंबतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. जुनी गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नसेल तर तिच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील मिस्त्रीला दाखवून घ्यावेत. गॅसची गाडी असेल तर सीएनजीची नोंद आरसीवर आहे काय आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी कधी झाली, हे विचारावे. नोंद नसलेला गॅस म्हणजे विमा नसल्यासारखेच.

सकाळी, थंड इंजिनावर

गाडी दिवसाउजेडी पाहावी. रात्री दिव्याखाली रंगाचा फरक दिसत नाही, हे कापडवाल्याला सांगायला नको. विकणाऱ्याला आधी कळवावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावावा. गरम लागले तर समजावे की थंडीत सुरू होण्याची काहीतरी अडचण आहे.

सुरू केल्यावर मागे धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जात आहे. दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंटचे पाणी आत शिरत आहे. ऑइलचे झाकण काढावे. आत दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर तो सौदा तिथेच संपवावा.

बॉडीवर लोहचुंबक फिरवावा. पत्र्यावर तो चिकटतो. लांबी भरलेल्या जागी सुटतो. एखाद्या दारावर लांबी असली म्हणून गाडी वाईट होत नाही, परंतु पुढचे चेसिस, डिकीच्या तळाचा पत्रा आणि दरवाज्यांचे खांब यांवर वेल्डिंग दिसले तर मोठा अपघात झालेला आहे असे धरावे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला. गाडी २०२० ची आणि मीटरवर वीस हजार किलोमीटर, पण टायर मात्र २०२४ चे, तर मीटर खोटे बोलत असावे. ब्रेक-क्लचच्या पॅडलचे रबर आणि स्टिअरिंग गुळगुळीत झाले आहे काय तेही पाहावे. मीटर मागे फिरवता येते, झिजलेले रबर बोलल्याशिवाय राहत नाही.

पुराची गाडी हा वेगळाच विषय आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पावसात, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. तिच्यातली वायरिंग आणि संगणकाचे डबे महिन्या-दोन महिन्यांनी एकेक करून दगा देतात. ओळखायची खूण सोपी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. स्टेपनीच्या खाली आणि सीटच्या रुळांवर गंज पाहा. नको इतका सुवास येत असेल तर काच बंद करून दहा मिनिटे आत बसा, खरा वास वर येतो.

हे सर्व करून झाल्यावरही आपला स्वतःचा मिस्त्री न्यावा आणि त्याची मजुरी रोख द्यावी. ओळखीखातर फुकट आलेला माणूस ओळखीखातर गप्पही बसतो. विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री नेऊ नये. गाडीची सर्व्हिस कंपनीच्या सेंटरवर झाली असेल तर मालकाला सोबत घेऊन तिथे जावे. नंबर सांगताच किती किलोमीटरला काय काम झाले याचा इतिहास निघतो.

कागद हाच गाडीचा पाया

आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे. आरटीओचे फॉर्म इंग्रजीत किंवा मराठीत असतात, एजंट फुलीची खूण करतो आणि आपण तिथे सही ठोकतो. कोऱ्या फॉर्मवर केलेली ही सही कोणत्या तारखेला, कोणाच्या नावावर वापरली जाईल याचा भरवसा नसतो. तेव्हा फॉर्म कोणता आणि कशाचा एवढे तरी प्रत्येकाने जाणून घ्यावे.

फॉर्म २९ म्हणजे विकल्याची सूचना. फॉर्म ३० म्हणजे नावांतराचा अर्ज. फॉर्म ३५ म्हणजे बँकेचा बोजा उतरवण्याचा. फॉर्म २८ म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या आरटीओकडे गाडी नेण्यासाठीची एनओसी. मालक वारलेला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर व्हायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे त्याच राज्यातील गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते.

आता मोबाईलवर सरकारी परिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. वाहतूक पोलिसांचे ई-चलन किती बाकी आहे तेही पाहता येते. हे चलन सौद्याच्या आधी विकणाऱ्याने भरावे असे स्पष्ट ठरवून घ्यावे. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः वाचून ताडून पाहावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे काय, हेही पाहावे.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते असे पुष्कळदा ऐकू येते. दिल्लीत दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून टांगती तलवार राहिली, म्हणून तिकडचे लोक स्वस्तात विकतात. परंतु तिकडची एनओसी, आपल्याकडची नवी नोंदणी, महाराष्ट्राचा कर आणि आणण्याचा खर्च जोडला की स्वस्ताई वितळते. आपल्या एम.एच. पाटीचीच गाडी बघावी हे बरे.

डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम लक्षात ठेवावेत. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते. हे अधिकारपत्र दाखवा म्हणून बेधडक विचारावे. जीएसटीचेही समजून घ्यावे. नोंदणीकृत डीलरला आपल्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. एका खासगी माणसाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीवर तो लागत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा. जुन्या भावाचे तुणतुणे वाजवणाऱ्या दलालाला हा हिशेब ऐकवावा.

विमा नावावर करून घेण्यात १४ दिवसांपेक्षा जास्त उशीर करू नये. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा गाडीसोबत येतो, परंतु आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे पॉलिसी आपल्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाहीत. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र त्याचा असतो, तो आपल्याला मिळत नाही.

पैसा कुठून आणावा?

आता मुख्य प्रश्न. आमच्या माहितीतील एका यंत्रमागधारकाने हंगामाच्या तोंडावर सुतासाठी ठेवलेले दीड लाख रुपये गाडीत घातले. विचार असा की, पंधरा दिवसांत येणे वसूल होईल. येणे अडकले. सूत उधारीवर घ्यावे लागले, ते चढ्या भावाने मिळाले, चार माग दीड महिना बंद राहिले आणि मागावरचे कारागीर दुसरीकडे गेले. गाडी दारात उभी होती, तिच्यात टाकायला पेट्रोल नव्हते. शेवटी तीच गाडी पस्तीस हजारांच्या तोट्याने विकली. गाडीत दोष नव्हता, मिस्त्रीनेही ती पास केली होती. चुकीच्या पेटीतला पैसा काढला गेला. सुताचा, मालाचा आणि मजुरीचा पैसा हा धंद्याचा श्वास आहे, त्याला हात लावायचा नाही.

दुसरी वाट कर्जाची. फायनान्सवाला म्हणतो, फक्त दहा टक्के. २ लाख रुपये, ३ वर्षे, दहा टक्के फ्लॅट. म्हणजे वर्षाला २०,००० प्रमाणे ६०,००० व्याज. एकूण २,६०,०००, महिन्याचा हप्ता सुमारे ७,२२२ रुपये. परंतु आपण मुद्दल दरमहा फेडत असतो आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवर मोजले जाते. घटत्या रकमेवर हिशेब केला तर हा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. त्यात प्रोसेसिंग फी आणि गळ्यात मारलेला विमा वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांना सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारा खुलाशाचा कागद कर्जदाराला द्यावाच लागतो. तो मागावा आणि सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा.

आपल्यापैकी पुष्कळांना व्याज द्यायचे-घ्यायचेच नसते. त्यांच्यासाठी तीन वाटा आहेत. जायज-नाजायजचा निवाडा आलिमांनी करावा, आम्ही फक्त व्यवहाराची बाजू मांडतो.

पहिली वाट भिशीची. बारा माणसे, दरमहा दहा हजार, पाळी आली की एक लाख वीस हजार हातात. भिशी ओळखीच्या, एकाच बाजारातल्या माणसांची असावी. पाळी चिठ्ठीने ठरावी, बोली लावून नाही, कारण बोलीत गरजवंत भरडला जातो. वहीत प्रत्येकाची सही असावी. अनोळखी माणसे जमवून, कमिशन कापून चालवलेल्या भिशीपासून दूर राहावे. तो चिट फंडाचा धंदा आहे, त्याला १९८२ चा कायदा आणि सरकारी परवानगी लागते.

दुसरी वाट कर्ज-ए-हसनाची. भाऊ, मेहुणा किंवा व्यापारी मित्र बिनव्याजी रक्कम देतो. इथे आपल्या लोकांची खोड अशी की, आपसातला व्यवहार म्हणून कागद करीत नाहीत. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा आणि साक्षीदार घ्यावेत, अशी शिकवण खुद्द सूरह बकरहमध्ये आहे. लिहिल्याने अविश्वास दिसत नाही, नाते टिकते. देणारा उद्या राहिला नाही तर त्याच्या मुलांना काय ठाऊक की किती फेडले?

तिसरी वाट विकणाऱ्याशीच मुदतीचा सौदा करण्याची. कापड बाजारात रोखीचा भाव वेगळा आणि मुदतीचा वेगळा असतो, हे आपल्याला नवे नाही. गाडी रोखीने दोन लाखांना आणि वर्षभराच्या हप्त्यांनी दोन लाख पंधरा हजारांना, असा एकच भाव सौद्याच्या वेळी ठरवून टाकावा. पुढे हप्त्याला उशीर झाला तरी रक्कम वाढणार नाही, असे लिहून घ्यावे. मात्र पूर्ण पैसे मिळेपर्यंत गाडी माझ्याच नावावर राहील, ही विकणाऱ्याची अट मान्य करू नये. गाडी लगेच नावावर करून घ्यावी आणि त्याच्या बाकीसाठी लेखी करार करून बोजाची नोंद करता येईल काय, हे वकिलाला विचारावे. नाव त्याचे आणि गाडी आपली हा प्रकार दोघांनाही बुडवू शकतो. कसा, ते पुढे पाहा.

विकणाऱ्या बंधूंसाठी

आज घेणारा उद्या विकणारा होतो. एका माणसाने २००७ साली आपली गाडी विकली. ती पुढे आणखी हातांतून गेली, परंतु आरटीओच्या दप्तरात नाव पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला, त्यात जीव गेला. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल लागला. कायद्याच्या दृष्टीने दप्तरात ज्याचे नाव तोच मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी हातात नाही, पैसा केव्हाच खर्च झाला आणि भरपाई मात्र डोक्यावर.

म्हणून गाडी देताना ताब्याची पावती करावी आणि तिच्यावर तारखेसोबत वेळही लिहावी. दुपारी चारला गाडी दिली आणि सहाला तिने सिग्नल तोडला तर चलन कोणाचे, हे त्या पावतीवरून ठरते. घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत घ्यावी, फॉर्म २९ स्वतः सादर करावा आणि महिन्याने अॅपवर आपले नाव उतरले की नाही ते पाहावे.

आणि गाडीचा ऐब सांगून विकावे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला भिजलेला थर बाहेर काढणारी हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुराची गाडी वाळवून विकणे हे त्याच ढिगाचे आजचे रूप आहे. सेकंडचा माल सेकंड म्हणून विकणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक परत येते, हा आपल्या बाजाराचा अनुभव आहे. मोटारीच्या बाबतीत तो बदलण्याचे काही कारण नाही.

बयाना किती?

गाडी पसंत पडली, कागद वरवर बरे दिसले, तरी बयाना पाच हजारांपेक्षा जास्त देऊ नये. पावतीवर लिहावे की कागदांत बोजा, चलन किंवा नंबराची तफावत निघाल्यास बयाना परत. उरलेली रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी म्हणजे पुरावा राहतो. सही केलेले फॉर्म, मूळ आरसी, विम्याचा कागद, बँकेची एनओसी आणि दुसरी चावी हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.

दलाल म्हणेल, आज नाही घेतली तर उद्या दुसरा घेऊन जाईल. घेऊ द्यावी. बाजारात जुन्या गाड्यांचा कधी तुटवडा पडलेला आम्ही पाहिला नाही. तुटवडा पडतो तो रोख भांडवलाचा, आणि तो नेमका हंगामातच पडतो.